ट्यूब बदलली की बरा होतो, महिन्याभरात पुन्हा तेच: सेकंडहँड बेस प्रीअँपचं दुखणं

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे हे तुमचंच दुखणं आहे का ते कळेल. रॅकमध्ये बसणारा दोन चॅनेलचा अमेरिकन ट्यूब प्रीअँप, बेस गिटारसाठी; म्हणजे गिटारचा क्षीण सिग्नल काचेच्या ट्यूबने वाढवून पुढच्या पॉवर अँपला देणारा डबा. चालू केल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं झकास. मग तापल्या तेलात मोहरी पडावी तशी चरचर. थोड्या वेळाने आवाज एकदम हडकुळा होतो; सगळ्यात जाड तारेचा खालचा ई नाहीसा, कानावर येते ती फक्त बोट तारेला लागल्याची टिकटिक. झाकणावर थाप मारली की आवाज परत. पाच मिनिटांनी पुन्हा गायब. ट्यूब बदलली की दोन-तीन आठवडे काही तक्रार नाही. आपण गाफील होतो, आणि नेमका कार्यक्रमात तो पुन्हा गुण उधळतो.

माझ्याकडे हे चार वेळा झालं. खरं कारण चौथ्या वेळी सापडलं. तोवर मी तीन नव्या ट्यूब विकत घेऊन बसलो होतो. त्या तिन्ही चांगल्या आहेत, आणि मी ‘खराब’ म्हणून काढून ठेवलेल्या जुन्याही चांगल्या आहेत. आता माझ्या कपाटात ट्यूबचं छोटंसं दुकान आहे.

मी फोंड्याला राहतो. दिवसा शाळेत विज्ञान शिकवतो, शनिवार-रविवारी ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. नाट्यगीतं, जुनी हिंदी गाणी, मध्येच एखादं कोंकणी कांतार, समोरचे लोक सांगतील ते. प्रीअँप घेतला सासष्टीतल्या एका वयस्क बेसवाल्याकडून. त्यांनी अर्धं आयुष्य तियात्रांच्या, म्हणजे कोंकणी संगीत नाटकांच्या, बँडमध्ये काढलेलं. त्यांचा भाऊ तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला. त्याने तो अमेरिकेतून आणला होता. मी पैसे मोजत असताना ते म्हणाले, "बरो चलता, बाब. फकत पावसांत मातसो (जरासा) कुरकुरता." अर्धं निदान त्या एका वाक्यात होतं. मी हसून सोडून दिलं.

तीन दुरुस्त्या

पहिल्यांदा बिघडला तो चवथीच्या आदल्या आठवड्यात. मडगावच्या एका मेस्ताकडे, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याकडे, नेला. त्यांनी पहिली, म्हणजे इनपुटजवळची, ट्यूब बदलली, तासभर वाजवून दाखवला, मी समाधानाने बोरीच्या पुलावरून घरी आलो. सार्वजनिक गणपतीच्या मंडपात तिसऱ्याच गाण्याला आवाज गेला. तबला आणि ऑर्गनने वेळ निभावून नेली, बेस नाही हे श्रोत्यांच्या बहुधा लक्षातही आलं नाही. बेसवाल्याच्या नशिबी हे असतंच.

दुसऱ्यांदा मी स्वतः सगळ्या पॉटमध्ये (आवाज-टोनच्या फिरत्या बटणांमध्ये) कॉन्टॅक्ट क्लीनर मारला आणि पुन्हा ट्यूब बदलली. तीन आठवडे शांतता. तिसऱ्यांदा आणखी एक ट्यूब, शिवाय केबल नव्या. या खेपेस तरी सुटलो असं वाटलं. मार्गशीर्षातल्या एका जत्रेत पुन्हा तेच.

मग एका रात्री या तीन दुरुस्त्यांत समान काय होतं त्याची वही मांडली. क्लीनर एकदाच मारला होता, केबल एकदाच बदलल्या होत्या, ट्यूब तिन्ही वेळा वेगवेगळ्या होत्या. समान गोष्ट एकच: तिन्ही वेळा मी किंवा मेस्ताने पहिली ट्यूब हलवत हलवत उपसली होती आणि दाबून दुसरी बसवली होती. नऊ पिनांची ट्यूब सरळ निघत नाही, गोल गोल डोलवावी लागते. ती डोलते तेव्हा तिचं सॉकेटही डोलतं, आणि सॉकेट छापील पाटीवर (पीसीबीवर) सोल्डर केलेलं असेल तर त्या पिनांखालचे सगळे सांधेही दाबले-ताणले जातात. तडा गेलेला सांधा अशा दाबाने काही दिवस पुन्हा चिकटून बसतो. गुण नव्या ट्यूबला मिळत होता, काम केलं होतं धक्क्याने.

म्हणून माझ्यासारखं दुखणं असलेल्यांनी पैसे खर्च करण्याआधी एकच गोष्ट करून पाहावी. प्रीअँप बंद करा, थंड होऊ द्या, पहिली ट्यूब काढा, आणि तीच ट्यूब परत बसवा. बरा झाला? मग ट्यूब बहुधा निर्दोष आहे. दोष सॉकेटच्या पकडीत, पिनांवरच्या काटात (गंजात) किंवा खालच्या सोल्डरमध्ये आहे. बरा झाला नाही, तर पहिली आणि दुसरी ट्यूब यांची अदलाबदल करून बघा. अशा प्रीअँपमध्ये बहुतेक सगळ्या जागी १२एएक्स७ च असते. युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी याच नावाने ती बनवली. मात्र अदलाबदलीआधी दोन्हींवरचे छापील आकडे जुळतात ना ते पाहा. अदलाबदलीनंतर आवाजाची तऱ्हा बदलली तर ट्यूबवर संशय घ्यायला जागा आहे. काहीच फरक नाही, तर ट्यूबचा पिच्छा सोडा.

आमच्याकडच्या जुन्या रेडिओवाल्यांना अजून ‘ट्यूब’ शब्द पटत नाही, ते ‘वॉल’ (व्हॉल्व्ह) म्हणतात. दुकानात मागताना दोन्ही नावं सांगा.

झाकण उघडण्याआधी

इथे मास्तरकी करणार आहे, सहन करा. प्रीअँपमधून लाऊडस्पीकर चालत नाही म्हणून तो निरुपद्रवी असतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. खऱ्या अर्थाने ट्यूबवर चालणाऱ्या प्रीअँपमध्ये २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतं, आणि प्लग काढल्यावरही ते मोठ्या कंडेन्सरमध्ये टिकून राहतं. प्लग काढा. २२ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टन्स दोन क्रोकोडाइल क्लिपांना जोडून ठेवा. एक क्लिप चॅसिसला (धातूच्या सांगाड्याला), दुसरी कंडेन्सरच्या पॉझिटिव्हला, पंधरा सेकंद. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची मर्दानगी नको, त्याने कंडेन्सरचंही नुकसान होतं. नंतर मीटर लावून शून्याजवळ आलंय याची खात्री करा. असे कंडेन्सर एकापेक्षा जास्त असतात, प्रत्येकावर मीटर लावा.

चालू स्थितीत मोजमाप करायचं असेल तेव्हा पायात कोरडी रबरी चप्पल, एक हात पाठीमागे, आणि घरात दुसरं माणूस जागं. मीटरची काळी तार आधीच चॅसिसला क्लिपने लावून ठेवा म्हणजे एकाच हाताने काम होतं. हे वाचून छातीत धडधड झाली असेल तर उरलेला मजकूर वाचा, पण काम मेस्ताला द्या. निदान तुम्ही सांगा, डाग (सोल्डर) ते देतील.

स्वस्तातले काही लहान प्रीअँप असतात, ज्यात ट्यूब दिसते पण ती अडॅप्टरच्या कमी व्होल्टवर चालते. त्यांना हे ३०० व्होल्टचं भय सहसा नाही. मात्र त्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न अडॅप्टरचा. त्यातल्या काहींना एसी अडॅप्टर लागतो, आणि सेकंडहँड वस्तूसोबत मूळ अडॅप्टर हरवून घरातला कुठला तरी डीसी आलेला असतो. मागच्या बाजूचं बारीक अक्षर वाचा.

दोष कुठल्या खोलीत आहे

घरात कुठेतरी पाणी गळतंय म्हणून कुणी सगळं छप्पर उतरवत नाही. आधी खोली शोधतो. इथेही तसंच. बेसची केबल काढा, आणि ज्या जॅकच्या दोन्ही टोकांना एकमेकांशी जोडलंय असा मुका जॅक इनपुटमध्ये घाला. चरचर थांबली तर बेस, केबल किंवा पिकअप (तारांची कंपनं उचलणारा बेसवरचा भाग) बघा. चालूच राहिली तर व्हॉल्यूम शून्यावर न्या. आता थांबली? दोष व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी, म्हणजे पहिल्या ट्यूबच्या टप्प्यात. शून्यावरही चालू? मग त्याच्या पुढे.

माझ्या प्रीअँपमध्ये व्हॉल्यूम शून्यावर नेलं की शांत. खोली सापडली.

आता काडीने ठोकायचं. प्रीअँप चालू, झाकण उघडं, आवाज मध्यम. मी आधी उदबत्तीची लांब काडी वापरत होतो, पण पावसाळ्यात बांबूलाही ओल असते हे लक्षात आल्यावर प्लास्टिकची विणायची सुई घेतली. प्रत्येक भागाला हलकेच टिचकी. ट्यूबच्या काचेला टिचकी मारली आणि स्पीकरमधून टाळ वाजल्यासारखा आवाज आला तर ट्यूब कंपनाला हळवी झाली आहे. थोडा ‘टुक’ आवाज सगळ्याच ट्यूब देतात, तो दोष नव्हे. माझ्या ट्यूबने ‘टुक’ केलं. सॉकेटच्या कडेला सुई दाबली तेव्हा मात्र अख्खी फोडणी उडाली.

मीटरने पुरावा

संशय पक्का झाला, तरी मला मोजून बघायचं होतं. पोरांना वर्गात प्रयोगाशिवाय विश्वास ठेवू नका म्हणून सांगतो, मग स्वतःला सूट कशी द्यायची.

१२एएक्स७ म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. ट्रायोडमध्ये कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे जातात, मधली ग्रिड त्यांना कमी-जास्त करते. पहिल्याची प्लेट १ नंबर पिनेवर, ग्रिड २, कॅथोड ३. दुसऱ्याचे तेच क्रमाने ६, ७, ८. हिटर (आतली तापणारी तार) ४, ५ आणि ९. पिना खालून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायच्या, मोठ्या फटीपासून सुरुवात. सर्वसाधारण मांडणीत प्लेटला १०० किलोओहमचा आणि कॅथोडला दीड किलोओहमचा रेझिस्टन्स असतो.

प्रीअँप ठणठणीत वाजत असताना माझ्याकडे आकडे असे आले: प्लेटच्या रेझिस्टन्सच्या वरच्या टोकाला २७० व्होल्ट, प्लेटवर १८३, कॅथोडवर १.३. गणित जुळतं. १.३ भागिले १५०० ओहम म्हणजे सुमारे ०.८७ मिलिअँपिअर, आणि तेवढाच प्रवाह १०० किलोओहममधून गेला की ८७ व्होल्ट खाली पडतात. तुमचे आकडे वेगळे असतील, पण प्लेट आणि पुरवठा यांच्यात असा चांगला फरक दिसायला हवा.

मग वाट बघत बसलो. बायकोने दोनदा जेवायला हाक मारली. बावीस मिनिटांनी चरचर सुरू झाली आणि आवाज पातळ झाला. मीटर बघितला: प्लेटवर २७०, कॅथोडच्या रेझिस्टन्सवर शून्य. ट्यूबमधला हिटर मात्र नारिंगी पेटलेलाच.

हे आकडे नीट वाचा, कारण सगळी गोष्ट त्यांत आहे. प्लेट पुरवठ्याइतकी वर चढली म्हणजे ट्यूबमधून प्रवाह वाहत नाही. हिटर पेटलेला आहे म्हणजे ४, ५, ९ या पिना ठीक. प्रवाहाची वाट कुठेतरी तुटली आहे, आणि कॅथोडच्या रेझिस्टन्सवर काहीच येत नाही. मीटरची टोकदार तार रेझिस्टन्सवरून उचलून त्याच रेषेतल्या सॉकेटच्या ३ नंबर पिनेच्या मुळाशी टेकवली. तिथे शून्य नव्हतं, आकडा वर गेला होता. पिन आणि पाटी यांच्यामधल्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये वाट तुटलेली होती.

पातळ आवाजाचं कोडंही इथेच सुटतं. ट्रायोड बंद पडल्यावर आवाज पूर्ण बंद का होत नाही? ग्रिड आणि प्लेट यांच्यामध्ये साधारण पावणेदोन पिकोफॅरडचा नैसर्गिक कंडेन्सर असतो. ट्यूब मेलेली असली तरी त्या बारीक फटीतून थोडा सिग्नल झिरपतो. इतका लहान कंडेन्सर वरचे सूर जाऊ देतो आणि खालचे अडवतो. बेसचा उघडा ई ४१ हर्ट्झचा, तो तिथून कसला जातोय. म्हणून नुसती टिकटिक उरते. आवाज अचानक हडकुळा आणि दूरचा झाला तर टोन कंट्रोलशी खेळत बसू नका, एखादा ट्रायोड झोपलाय का ते बघा.

आणि वीस-पंचवीस मिनिटंच का? एका १२एएक्स७ चा हिटर सुमारे १.९ वॉट उष्णता टाकतो. सॉकेट, पितळी पिना, पाटी, सोल्डर सगळे वेगवेगळ्या मापाने फुगतात. रोज तापायचं, रोज निवायचं. वर्षानुवर्षांनी पिनेभोवती बारीक गोल तडा जातो. भिंगातून पाहिलं तर पिनेला अंगठी घातल्यासारखी काळी रेघ दिसते. माझ्या सॉकेटच्या नऊपैकी चार पिनांना अशी अंगठी होती, ३ नंबरची सगळ्यात रुंद.

डाग

काम दहा मिनिटांचं होतं. जुनं सोल्डर तांब्याच्या वातीने पूर्ण शोषून घ्या. त्यावरच नवं चढवलं तर तडा आत झाकला जातो आणि दोन महिन्यांनी मी पुन्हा हेच लिहीत बसेन. पिन घासून चकचकीत करा. साधं ६०-४० कथील-शिसं, आत राळ असलेलं. सॉकेटमध्ये एखादी मेलेली ट्यूब घालून ठेवा म्हणजे तापल्यावर पिना तिरक्या होत नाहीत. मेलेली माझ्याकडे नव्हती; होत्या त्या सगळ्या ‘खराब’ ट्यूब जिवंत निघाल्या होत्या. शेवटी शेजारच्या रेडिओवाल्याकडून एक मागून आणली.

नऊच्या नऊ पिना केल्या, एकट्या ३ नंबरवर थांबलो नाही. मग सॉकेटच्या आतल्या पाकळ्या सुईने किंचित आवळल्या आणि ट्यूबच्या पिना आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसल्या. कापडावर हिरवट-काळं जे आलं ते पाहून मला त्या तियात्रवाल्या काकांचं पावसाबद्दलचं वाक्य आठवलं.

त्या दिवसापासून एक पूर्ण पावसाळा गेला. आवाज गेलेला नाही. चरचर मात्र जुलैत थोडी परत आली, पण ती निराळी होती. त्याबद्दल आता.

पावसातली चरचर

गोव्यात जून ते सप्टेंबर काय असतं ते वेगळं सांगायला नको. पापडाचा डबा उघडा राहिला तर संध्याकाळपर्यंत चामडं होतं. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना वर खारी हवा. प्रीअँपमध्ये ग्रिडकडे जाणाऱ्या वाटा इतक्या नाजूक असतात की पाटीवर धूळ, जुनं राळ आणि ओल यांचा एक थर बसला तरी त्यातून गळती होते. ही चरचर चालू केल्याबरोबर येते आणि अर्ध्या-पाऊण तासाने, आतला भाग सुकला की, कमी होते. तापल्यावर वाढते ती सांध्याची. तापल्यावर घटते ती ओलीची. हा फरक वहीत लिहून ठेवा, पुष्कळ वेळ वाचेल.

उपाय साधा आहे. कंडेन्सर रिकामे करून अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पाटी धुवा. केस वाळवायच्या ड्रायरने मंद वाळवा, एक रात्र तशीच ठेवा. आमच्या घरी रेशमी साड्यांच्या कपाटात पावसाळाभर एक छोटा दिवा जळतो. त्याच कपाटाचा खालचा कप्पा आता माझ्या प्रीअँपचा आहे. त्यावरून घरात काय बोलणी झाली ते इथे नको. आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवणंही चांगलं.

धुऊनही चरचर राहिली आणि मुक्या जॅकनेही थांबली नाही, तर प्लेटचा १०० किलोओहमचा रेझिस्टन्स बघा. जुन्या यंत्रांत तो तपकिरी, दंडगोल, कार्बन मातीचा असतो. तो ओल शोषतो, वयाने त्याची किंमत सरकते, आणि त्यावर डीसी ताण असल्यामुळे सारखा कुरकुरतो. त्याच किमतीचा मेटल फिल्म बसवा, अर्धा ते एक वॉट, ३५० व्होल्ट सोसणारा. असे जुने रेझिस्टन्स काढले की ‘जुना आवाज’ जातो अशी एक श्रद्धा आहे. मला तरी बेसमध्ये फरक ऐकू आला नाही. खरखर गेलेली मात्र पहिल्या मिनिटात ऐकू आली.

आणखी एक, हेही वारंवार परतणारं दुखणं. पॉट फिरवताना खरखर होते, क्लीनर मारला की एक-दोन दिवस बरं, मग पुन्हा. पॉट बदलू नका. मीटर डीसीवर ठेवून पॉटच्या दोन टोकांना लावा. तिथे शून्य हवं. व्होल्टच्या घरात काही दिसलं तर मागच्या टप्प्याचा कपलिंग (दोन टप्पे जोडणारा) कंडेन्सर, बहुधा ०.०२२ मायक्रोफॅरडचा, गळतोय. त्यातून प्लेटचं डीसी पॉटवर उतरतं. कंडेन्सर बदला, निदान ४०० व्होल्टचा घ्या, पॉट आपोआप शांत होईल.

गुणगुण: बेसने ओळखा

गुणगुण हा वेगळा रोग आहे, पण सेकंडहँड यंत्रात तो सोबत येतोच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. बेसवाल्याला याचा एक फायदा आहे जो गिटारवाल्याला नाही: मापपट्टी आपल्या गळ्यातच लटकलेली असते. ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी ४९ हर्ट्झचा, आणि उघडी जी तार ९८ ची. गुणगुण चालू असताना हे दोन सूर आळीपाळीने वाजवा. ती खालच्या जी शी, किंचित चढी, जुळत असेल तर ५० हर्ट्झ. उघड्या जी शी जुळत असेल तर १००. ट्यूनर लावला तर दोन्ही वेळा ‘जी’ दाखवेल, अर्ध्या सुराच्या साधारण एक तृतीयांशाने चढा. सप्तक मात्र कानाने ठरवावं लागतं.

१०० हर्ट्झ म्हणजे रेक्टिफायरनंतरचे (एसीचं डीसी झाल्यानंतरचे) मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेत. वीस-तीस वर्षांच्या यंत्रात त्यांचं आयुष्य बहुधा संपत आलेलं असतं. टोपी फुगलेली किंवा खाली चिकट डाग दिसला तर विचारही करू नका. ५० हर्ट्झ म्हणजे बाहेरून शिरलेली किंवा हिटरच्या तारांतून आलेली गुणगुण. बेस हातात घेऊन जागच्या जागी फिरा. फिरल्याने कमी-जास्त झाली तर ती पिकअप ओढतोय. दोन सिंगल कॉइल पिकअपचा बेस असेल तर दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवा, बरीच कटते. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली उभं राहून प्रीअँपला दोष देऊ नका. हे मी केलेलं आहे.

फिरूनही फरक नाही, आणि प्रीअँप एका बोर्डाला, पॉवर अँप दुसऱ्या बोर्डाला असेल तर अर्थिंगची दोन वाटांची साखळी झाली आहे. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या. मिक्सरकडे जाताना डीआय बॉक्सची (मिक्सरला सिग्नल देणाऱ्या पेटीची) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नलच्या केबलमधलं अर्थ तोडणारं बटण, वापरा. प्लगची अर्थिंगची पिन कापू नका. माझ्या प्रीअँपची कुणीतरी कापलेली होती. त्यावर जुन्या पद्धतीने मेनच्या एका तारेतून चॅसिसकडे कंडेन्सरही होता. तो बिघडून शॉर्ट झाला तर मेनचं व्होल्ट चॅसिसवर, तिथून जॅकवर, तिथून तारांवर, आणि तारांवर आपली बोटं. पावसात ओल्या मंडपात, समोर अर्थ असलेला मायक्रोफोन. पहिल्याच दिवशी तो कंडेन्सर काढला, तीन पिनांची कॉर्ड घातली, चॅसिस आणि अर्थ पिन यांच्यात एक ओहमपेक्षा कमी आहे ते मोजलं. सगळ्या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

संध्याकाळी सातचा दोष

सकाळी ठीक आणि संध्याकाळी मंद, असं असेल तर प्रीअँप उघडूच नका. अमेरिकन यंत्र १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं. आपण त्याला स्टेपडाउन (व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) लावतो, आणि दुकानातला स्टेपडाउन २३० वर बहुधा ११० देतो. आमच्या वाड्यावर संध्याकाळी मीटर १९० दाखवतो. मग स्टेपडाउन देतो ९१. ट्यूबच्या हिटरला ६.३ व्होल्टऐवजी ४.८ मिळतात. ट्यूब अर्धवट झोपेत वाजते, आवाज मलूल, आणि हिटर डीसीवर चालणारा असेल तर त्याचा रेग्युलेटर दम सोडतो आणि गुणगुण सुरू. स्टेपडाउनच्या आधी स्टॅबिलायझर लावा. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, तेव्हा रॅकमध्ये त्याच्या वर एक घर रिकामं ठेवा. आणि बाजारातले लहान स्टेपडाउन बहुतेक एकाच गुंडाळीचे असतात, ते तुम्हाला मेनपासून वेगळं करत नाहीत. अर्थिंग आरपार जातंय का ते इथेही तपासा.

दुसऱ्या चॅनेलच्या सॉकेटवर भिंग फिरवलं तेव्हा तिथेही दोन पिनांना अंगठ्या दिसल्या, अजून आवाजात काही नव्हतं तरी. त्या मागच्या रविवारी केल्या. आता एकच बारीक गोष्ट उरली आहे: पूर्ण व्हॉल्यूमला उघड्या जी शी जुळणारी हलकी गुणगुण. पुरवठ्याचे कंडेन्सर मागवले आहेत, ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट, १०५ डिग्रीचे. चवथीच्या आधी बसवायचे आहेत.